भाद्रपदातील पाहुणे पक्षी आणि आपल्या तलावांचा काठ



या पानावर आपण नेहमी लागण, खोडवा, बेणे आणि खत-पाणी यांची माहिती घेतो. या अंकातील विषय थोडा वेगळा आहे. पण तो उसाच्या वावरापासून फार दूरचा नाही. पोळा झाला की आमच्या विभागाच्या शिवारफेऱ्या वाढतात. तलावाच्या पाळीवरून जाताना सभासद हमखास विचारतात, "साहेब, ही शेपटी हलवणारी बारकी पाखरं आत्ताच कुठून आली? बाहेरदेशची पाखरं तर थंडीत येतात ना?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर दोन वाक्यांत सांगायचे तर असे, की पाहुणे पक्षी थंडीत नव्हे, भर पावसाळ्यातच यायला लागतात. आणि त्यातले पहिले पाहुणे तलावाच्या पाण्यासाठी येत नाहीत, काठासाठी येतात. हा काठ म्हणजे काय आणि तो राखण्यात आपला हात किती, हेच या लेखात सांगायचे आहे.

पाहुणे थंडीची वाट पाहत नाहीत

आपल्याकडे येणारी बरीचशी पाखरे हिमालयात, तिबेटात, मध्य आशियात किंवा सायबेरियात घरटी करतात. तिकडे, विशेषतः अगदी उत्तरेला, उन्हाळा जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. त्या दिवसांत बर्फ वितळते, जिकडे तिकडे दलदल होते आणि किडे-अळ्यांचा सुकाळ होतो. पाखरे मे-जूनमध्ये अंडी घालतात आणि पिले उडती झाली की त्यांचे तिथले काम संपते. मग थांबून करायचे काय? दिवस लहान होऊ लागला की पाखराच्या अंगातील घड्याळ जागे होते. ते भरपूर खाऊन अंगावर चरबी साठवते. प्रवासाची शिदोरी ती हीच. मग ते दक्षिणेची वाट धरते.

म्हणजे पाखरे थंडीने गारठून पळ काढतात असे नाही. थंडी पडायच्या कितीतरी आधी, खाणे भरपूर असतानाच ती निघतात. म्हणून त्यांची पहिली तुकडी आपल्याकडे जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये, श्रावणाच्या आगेमागे उतरते.

आणखी एक नवल आहे. तुतारीसारख्या पाणथळीच्या कित्येक पाखरांत म्हातारी पाखरे आधी निघतात आणि त्या साली जन्मलेली पिले मागून येतात. वाट दाखवायला कोणी नसते. सूर्य, तारे आणि पृथ्वीचे चुंबकत्व यांच्या आधाराने ती दिशा धरतात, असे शास्त्रज्ञांचे संशोधन आहे. पुष्कळ लहान पाखरे रात्री उडतात आणि दिवसा उतरून खातात. आपल्या तलावाचा काठ ही अशा लांबच्या वाटेवरची एक धर्मशाळा आहे. काहींचा मुक्काम दोन दिवसांचा, काहींचा थेट चैत्रापर्यंतचा.

कोण केव्हा येते

सभासदांना ओळखायला सोपे जावे म्हणून क्रमाने सांगतो.

श्रावणाच्या सुमारास तुतारी येते. हिला तुतवारही म्हणतात. चिमणीपेक्षा थोडी मोठी, लांब पायांची, बारीक सरळ चोचीची आणि मातकट रंगाची. हिच्या तीन जाती आपल्याकडे नेहमी दिसतात. सामान्य तुतारी काठावर बसून सारखी शेपटी वरखाली करते आणि पाण्याला लागून, पंख थरथरवत उडते. हिरवी तुतारी एकेकटी, ओढ्या-नाल्यात. ठिपकेवाल्या तुतारीच्या पाठीवर पांढरे ठिपके असतात. ती धानाच्या बांधीत आणि चिखलात चार-सहाच्या घोळक्याने फिरते. या ठिपकेवालीचे वजन ५० ते ८० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे मूठभरसुद्धा नाही. एवढेसे पाखरू उत्तर युरोप आणि सायबेरियाच्या दलदलीतून आपल्या धुऱ्यावर येऊन बसते.

याच दिवसांत भोरडीचे थवेही यायला लागतात. हिला पळसमैना किंवा गुलाबी मैना असेही म्हणतात. साळुंकीएवढी, डोके व पंख काळे आणि अंग गुलाबीसर. नव्या पिलांचा रंग मात्र मळकट, त्यामुळे पुष्कळांना ती साळुंकीच वाटते.

पोळा ते गणपतीच्या दरम्यान धोबी पक्षी येतात. पोटाला पिवळा आणि पाठीला राखी असा करडा धोबी आधी, पांढरा धोबी त्याच्या मागून. याच वेळी तारांवर माळभिंगऱ्या ओळीने बसलेल्या दिसू लागतात.

बदकांत पहिला मान भुवई बदकाचा. नराच्या डोळ्यावर पांढरी भुवई असते, तिच्यावरून हे नाव. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये ते येऊ लागते. मात्र या दिवसांत नरावरही मादीसारखाच मळकट पिसारा असतो, त्यामुळे भुवई ठळक दिसत नाही. तलवार बदक, थापट्या, चक्रवाक ही मंडळी दसरा-दिवाळीच्या पुढे येतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हंस सर्वांत शेवटी, साधारण डिसेंबरच्या सुमारास. हिमालय ओलांडताना हा हंस सात हजार मीटरहून अधिक उंचीवर उडाल्याची नोंद शास्त्रज्ञांनी उपकरणे बांधून घेतलेली आहे.

एकीकडे हे येत असताना दुसरीकडे काही पाखरे निघण्याच्या तयारीत असतात, याकडे आपले लक्ष जात नाही. मृगाच्या पावसाबरोबर आफ्रिकेकडून आलेला चातक आणि आपल्या जंगलात घरटी करून गेलेला नवरंग हे दोघे सप्टेंबर-ऑक्टोबरात परत फिरतात. नवरंग दक्षिण भारत व श्रीलंकेकडे. म्हणजे भाद्रपद हा पाखरांच्या एस.टी. स्टँडसारखा आहे. एक गाडी येते, एक सुटते.

पाण्याची खोली आणि पायाची उंची

आता मुद्द्याचे. एखादा तलाव तुडुंब भरलेला असतो, पण त्यावर एक पाखरू नसते. शेजारच्या बोडीत गुडघाभर पाणी असते आणि तिथे मात्र जत्रा भरते. असे का?

याचे कारण पाखराच्या पायात आणि चोचीत आहे. तुतारीला दोन-तीन बोटे पाणी आणि ओला चिखल लागतो. चिखलातल्या अळ्या व किडे ती टिपते. लाल लांब पायांचा शेकाट्या वीतभर पाण्यात चालतो. डोके पाण्यात आणि शेपूट वर करून खाणाऱ्या बदकांना हातभर पाणी पुरते, कारण त्यांची मान तळाच्या गवतापर्यंत पोचली पाहिजे. वारकरी आणि पाणकावळा यांना बुडी मारायला त्याहून खोल पाणी लागते. कमळपक्ष्याला पाण्यावर तरंगती पाने हवीत. जांभळ्या पाणकोंबडीला लव्हाळ्याचा आडोसा हवा.

याचा अर्थ असा, की चांगल्या तलावाला उतरता काठ असतो. कोरड्या जमिनीपासून खोल पाण्यापर्यंत हळूहळू उतरत जाणारा. त्या उतारावर प्रत्येकाला आपापली जागा मिळते. पावसाळ्यात तलाव भरलेला असतो तेव्हा उघडा चिखल थोडा असतो. म्हणून पहिले पाहुणे तलावाच्या वरच्या उथळ अंगाला आणि धानाच्या बांधीत दिसतात. पुढे पाणी उतरत जाते तसतसा नवा नवा चिखल उघडा पडतो आणि नवे ताट वाढले जाते. तलाव भरला की पक्षी आले, असा सरळ हिशेब नाही. तलाव हळूहळू उतरला पाहिजे आणि त्याचा उघडा पडलेला काठ जागेवर असला पाहिजे.

सक्करदऱ्याचा तलाव काय सांगतो

काठ गेला म्हणजे काय होते, ते पाहायला लांब जायला नको. आपल्यापैकी पुष्कळ सभासद कामानिमित्त नागपुरास येतात, उमरेड रोडने आले की सक्करदऱ्यावरूनच जातात. तिथला भोसलेकालीन तलाव सर्वांच्या पाहण्यातला आहे. नावातच साखर असल्यामुळे आपल्याला तो जवळचा वाटायला हरकत नाही! आमचे बिऱ्हाड त्याच भागात असल्याने सकाळी फिरताना हा तलाव रोज नजरेखालून जातो.

एके काळी गावाबाहेर असलेल्या या तलावाभोवती आता दाट वस्ती आहे. काठ बांधून काढलेला आहे. पाण्यात सांडपाण्याचा अंश गेला की जलपर्णी माजते आणि पाणी झाकून टाकते. अशा बांधीव काठावर भाद्रपदात दोन पाहुणे तेवढे दिसतात: सामान्य तुतारी आणि धोबी. हे दोघे दगडावर, सिमेंटच्या पायरीवरही भागवून घेतात. ठिपकेवाली तुतारी मात्र तिथे कधी आमच्या दृष्टीस पडली नाही, कारण तिला चिखलाचा उतारच लागतो. बाकी ढोकरी, गायबगळा, खंड्या ही आपली घरचीच मंडळी.

यात शहरवासीयांना नावे ठेवण्याचा हेतू नाही. गणेशविसर्जनासाठी शहरात अलीकडे कृत्रिम टाक्यांची व्यवस्था केली जाते, ही चांगली गोष्ट आहे. सांगायचे एवढेच, की पाणी राहिले पण काठ गेला, तर पाखरांची यादी किती आखूड होते, त्याचा हा उघड्या डोळ्यांनी पाहता येणारा दाखला आहे. अंबाझरी आणि गोरेवाडा या नागपूरच्याच तलावांना अजून काही अंगांनी झाडोरा व उतरता काठ आहे. सवड मिळेल तेव्हा एकाच दिवशी सक्करदरा आणि गोरेवाडा पाहावे, म्हणजे आमचे म्हणणे पटेल.

शहरात काठ भिंतीने जातो. खेड्यात तो नांगराने आणि बेशरमीने जातो. फरक एवढाच.

तलाव, ऊस आणि आपले पूर्वज

पूर्व विदर्भात सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. सरकारी कागदात आणि बोलण्यात त्यांना आता 'मामा तलाव' म्हणतात. हे तलाव बांधणाऱ्यांत कोहळी समाजाचे नाव मोठे. जुन्या नोंदींत कोहळ्यांची ख्याती दोन गोष्टींसाठी सांगितलेली आहे: एक तलाव बांधणे आणि दुसरी ऊस पिकवणे! म्हणजे या भागात ऊस आणि तलाव ही जोडी साखर कारखान्यांच्या कितीतरी आधीची आहे. गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव ही त्याच परंपरेची देणगी. त्याच्या परिसरात १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि तिथेच वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांनी पाखरांचा अभ्यास केला, स्थानिक लोकांकडून पक्ष्यांची नावे गोळा केली. चितमपल्ली १८ जून २०२५ रोजी निवर्तले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि डॉ. सलीम अली यांचा १२ नोव्हेंबर. म्हणून महाराष्ट्रात हा आठवडा २०२० पासून 'पक्षी सप्ताह' म्हणून पाळला जातो.

मालगुजारी गेल्यावर १९५० नंतर हे तलाव सरकारकडे आले आणि गावाची पूर्वीची देखरेख सैल पडली. गाळ साचला, काठावर बेशरम माजली आणि पाणी ओसरताच थेट पाण्याच्या कडेपर्यंत नांगर फिरू लागले. भंडारा-गोंदिया भागातील काही गावांत मात्र ढिवर समाजाच्या मच्छीमार संस्थांनी आणि महिलांच्या गटांनी उलटे काम करून दाखवले आहे. त्यांनी तलावातील बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती लावल्या आणि देशी मासळी वाढवली. मासळीबरोबर पाखरेही वाढली. काम सहकारातूनच झाले, हे आपण सहकारी कारखान्याच्या सभासदांनी विशेष लक्षात घ्यावे.

पाखरे आणि आपले पीक

कोणी म्हणेल, "साहेब, हे सगळं खरं, पण पाखरं ज्वारी लुटतात त्याचं काय?" लुटतात, हे खरेच आहे. भोरडीचा थवा रब्बीच्या हुरड्यावर उतरला की राखणदाराची धांदल उडते. पण खात्याची दुसरी बाजूही पाहावी. ही पाखरे येतात तेव्हा ज्वारीत दाणा नसतो. त्या वेळी त्यांचे मुख्य खाणे नाकतोडे, अळ्या आणि किडे. भोरडी तिच्या मूळ मुलखात टोळांवर जगते, इतकी की चीनच्या शिनजियांग भागात टोळ आटोक्यात ठेवण्यासाठी तिला घरटी करायला मुद्दाम दगडांचे ढीग रचून देतात. धोबी, माळभिंगरी आणि तुतारी तर दाण्याला शिवतच नाहीत. त्यांचे सगळे आयुष्य किड्यांवर.

उसाला हुमणी किती महाग पडते, हे सभासदांना सांगायला नको. नांगरामागून चालणारे गायबगळे, साळुंक्या आणि कोतवाल उघडी पडलेली हुमणी वेचून खातात, हे प्रत्येकाने पाहिले आहे. एकट्या पाखरांवर हुमणी आटोक्यात येणार नाही, हेही तितकेच खरे. तरी फुकटचा मजूर हाकलून देण्यात शहाणपण नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नाही. माळभिंगऱ्या आणि धोबी संध्याकाळी तलावाकडून थव्याने येऊन रात्रीच्या मुक्कामाला लव्हाळ्यात आणि उभ्या उसात उतरतात. दिवस मावळताना तलावाजवळच्या ऊसफडावर पाखरांचा ढग फिरताना दिसला, तर समजावे की हजारो कोसांवरचे पाहुणे आपल्या वावरात निजायला आले आहेत.

सभासदांनी काय करावे

१) तलावात किंवा बोडीच्या पोटात गाळपेर करत असाल, तर पाण्याच्या कडेपासून दहा-पंधरा पावलांचा पट्टा नांगरू नये. पाणी मागे सरकेल तसा हा पट्टाही सरकू द्यावा. पाखरांना काठ मिळेल आणि आपली माती तलावात जाऊन गाळ होणार नाही.

२) फवारणीचा पंप आणि औषधाचे डबे तलावात, नाल्यात धुऊ नयेत. काठाच्या चिखलातील अळ्यांत विष गेले की ते पाखरात जाते आणि मासळीतून आपल्याही ताटात येते.

३) हुमणीसाठी पूर्वी सर्रास वापरले जाणारे दाणेदार फोरेट ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे. कोणी जुना साठा देऊ केला तरी घेऊ नये. ते पाखरांना जीवघेणे आहे आणि माणसालाही. पहिल्या पावसानंतर कडुनिंब-बाभळीवर जमणारे भुंगेरे गावाने मिळून गोळा करून नष्ट करावेत, प्रकाश सापळे लावावेत आणि मेटारायझियम बुरशीचा वापर करावा. अधिक माहिती गट ऑफिसात मिळेल.

४) तुरी-हरभऱ्यात पक्षी थांबे उभे करावेत. एकरी वीसेक काड्या पुरतात आणि खर्च काहीच नाही.

५) तोडणीआधी ऊस पेटवू नये आणि तोडणीनंतर पाचट जाळू नये. जळिताने उसाचे वजन व उतारा घटतो, पाचटाचे खत जाते आणि फडात निजलेली पाखरे होरपळतात. एका काडीत तिहेरी नुकसान.

६) काठावरची बेशरम आणि जलपर्णी काढावी, पण देशी लव्हाळे व कमळ सरसकट उपटू नये. तलावाचे सुशोभन करायचे ग्रामपंचायतीच्या मनात असेल, तर निदान एक बाजू भिंतीवाचून, उतरती राहू द्यावी, असे ग्रामसभेत सभासदांनी आवर्जून मांडावे.

७) गलोल, फासे आणि जाळी यांपासून मुलांना व हौशी मंडळींना परावृत्त करावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशी शिकार हा गुन्हा आहे. गावाने मनावर घेतले तर काय होते ते नागालँडने दाखवले. तिथे दोयांग जलाशयाकाठी २०१२ साली स्थलांतर करणाऱ्या अमूर ससाण्यांची जाळी लावून प्रचंड कत्तल होत असल्याचे उघडकीस आले. गावकऱ्यांनीच निर्धार केला आणि पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, ती थांबली.

८) एखाद्या पाखराच्या पायात धातूचे कडे आढळले, तर त्यावरचा आकडा, तारीख आणि ठिकाण लिहून घ्यावे. पाखरू जिवंत असेल तर कडे न काढता सोडून द्यावे. १८८३ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने आजवर लाखो पाखरांना अशी कडी घातली आहेत. कड्यावर कळवण्याचा पत्ता कोरलेला असतो. आपण कळवलेल्या एका आकड्यावरून त्या पाखराचा सगळा प्रवास उलगडू शकतो.

एक साधी वही

शेवटी एक विनंती. आपल्या गावच्या तलावावर पोळ्यापासून दिवाळीपर्यंत आठवड्यातून एकदा, ठरलेल्या जागी, सकाळी अर्धा तास उभे राहावे. शाळेत जाणारी मुले हे काम हौसेने करतात. वहीत तारीख लिहावी, पाण्याची कड कुठवर आहे ते लिहावे, आणि कोणती पाखरे किती दिसली ते लिहावे. नाव येत नसेल तर वर्णन लिहावे. एका वर्षाच्या वहीतून फारसे कळत नाही. पाच वर्षांच्या वहीतून मात्र आपला तलाव सुधारतो आहे की बिघडतो आहे, हे गावाला स्वतःलाच कळते.

अशा वह्यांची पाने सभासदांनी आपल्या गटाच्या चिटबॉयबरोबर ऊस विकास विभागाकडे पाठवावीत. पक्षी सप्ताहानंतरच्या अंकात त्यांतील निवडक नोंदी गावाच्या नावासह छापू. यंदाचे पहिले पाहुणे काठावर उतरलेही असतील. तरी सभासदांनी येत्या आठवड्यापासूनच नोंदीस सुरुवात करावी.

— ऊस विकास अधिकारी